भिंतीवर लावण्याजोगा फोटो

आमच्या कॉलनीत कुणी गेलं की काही वेळाने माझ्या दाराशी एक माणूस येतो. चपला काढत नाही, आत या म्हटलं तरी येत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून हळूच विचारतो, "वैनी, त्यांचा एक फोटू काढला होता की तुमी? फ्लेक्सवाला थांबलाय."

मी काही फोटोग्राफर नाही. सरकारी कचेरीत फायली इकडच्या टेबलावरून तिकडच्या टेबलावर सरकवणारी बाई आहे. लेकीने नवा कॅमेरा घेतला आणि तिचा जुना माझ्या गळ्यात पडला, तो अक्षरशः पडला. रोज एक तरी फोटो काढायचाच, असं मी ठरवून टाकलं. स्कूटरवरून कचेरीला जाताना कुठेतरी थांबायचं. कारखान्याच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, बाजारात रचलेली कडक भाकऱ्यांची चळत, रिक्षाच्या मागच्या सीटवर पाय लांब करून पेपर वाचणारा रिक्षावाला. उन्हाळ्यात तर लवकरच निघावं लागतं, कारण आमच्या सोलापूरचं ऊन एकदा वर आलं की सगळं पांढरंफटक पडतं आणि फोटो काढणारी बाईही भाजून निघते.

माणसांचे फोटो मी सहज काढायचे. तळमजल्यावर एक आजोबा होते, आयुष्यभर हातमागावर बसलेले, घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलणारे. पायरीवर बसून शेंगा सोलत होते. मी कॅमेरा वर केला, तेवढ्यात त्यांनी मान उचलून बघितलं, आणि फोटो निघाला. दोनेक महिन्यांनी ते गेले तेव्हा सगळ्या घरात त्यांचा धड फोटो नव्हता. होते ते कुणाच्या तरी लग्नातले, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात असलेले. त्यांची सून माझ्याकडे आली. मी फोटोतल्या शेंगा कापल्या, हात कापले, मागच्या भिंतीचा निळा रंग जरा उजळ केला. चौकात फ्लेक्स लागला आणि लोक थांबून म्हणू लागले, "काय जिवंत आलाय हो फोटो!"

मग ती रीतच पडली. कॉलनीतला म्हातारा माणूस, त्याचा माझ्याकडे फोटो, आणि पुढे चंदनाचा हार. भिंतीवरच्या फोटोला काय काय लागतं ते मला पाठ झालं. नजर समोर हवी, दोन्ही कान दिसायला हवेत, हसू असावं पण दात नकोत. माझी कीर्ती इतकी पसरली की माझ्या गळ्यात कॅमेरा दिसला की म्हातारी माणसं आत जायला लागली. समोरच्या चाळीतली चाची तर मला बघून लांबूनच हात हलवायची. "अभी नक्को गे! पोते की शादी होने दे!" मीही हसायचे आणि भिंतीचा फोटो काढून पुढे जायचे.

आमच्या घरात या सगळ्याची सर्वांत जास्त मजा वाटायची ती ह्यांना. ह्यांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान. विहिरीवरच्या पंपाच्या, गिरणीच्या, कूलरच्या जळालेल्या मोटारी येणार, हे तांब्याची तार गुंडाळून त्या पुन्हा चालू करणार. दारात येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा हेच सामोरे जायचे. तो गेला की मला म्हणायचे, "तुझा धंदा माझ्यापेक्षा बरा चाललाय."

यंदा उन्हाळा लागता लागता ह्यांना जिना चढताना दम लागायला लागला. आधी हे म्हणाले ऊन आहे. मग म्हणाले पित्त आहे. डॉक्टर म्हणाले बायपास. रक्तवाहिन्या बंद झाल्यात, उशीर करू नका. मी तेच तेच पुन्हा विचारत होते. हे मात्र डॉक्टरांसमोर अशी मान डोलवत होते, जणू कुणा दुसऱ्याचीच मोटार जळाली आहे.

त्यानंतर ह्यांचं आवरणं सुरू झालं. दुकानातल्या मोटारी ज्याच्या त्याला पोचत्या केल्या. घरातल्या कूलरचं गवत बदललं. मीटरच्या पेटीतला कुठला खटका कशाचा, ते मला दोनदा समजावलं. मग एका सकाळी पोहे खाता खाता म्हणाले, "माझा एक चांगला फोटो काढून ठेव. समोर बघून. आयत्या वेळी शोधाशोध नको."

मी उलथनं ओट्यावर आपटलं. "तुम्ही काय गॅस सिलिंडर आहात का, आधीच नंबर लावून ठेवायला?"

"अगं, चिडतेस कशाला? लोकांची धावपळ बघतोच की आपण."

मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. ह्यांच्या तोंडून निघालेले शब्द तर आता परत जाणार नव्हते. ह्यांच्या लेखी ती सोय होती, कूलरच्या गवतासारखी. माझ्या लेखी तो फोटो काढणं म्हणजे ह्यांना मीच पुढे ढकलण्यासारखं होतं. मी शिकलेली बाई आहे, फोटो काढल्याने कुणी मरत नाही हे मला कळतं. पण चाची लांबून हात हलवायची तेव्हा मी हसायचे, आता मला तिचं म्हणणं पटत होतं.

मग मी टाळत राहिले. आज उजेड बरा नाही. आज बॅटरी चार्ज नाही. आज तुमची दाढी वाढलीय. शेवटी दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "नवा कशाला हवा? इतकी वर्षं रोज फोटो काढतेय, तुमचे असतीलच ढीगभर." कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लेकीच्या लॅपटॉपला लावलं आणि शोधायला बसले.

फोटो ढीगभर होते, त्यात हेही होते. पाठमोरे होते, मोटारीत डोकं खुपसलेले होते. एकात तर नुसतं कोपर होतं, बाकीचे हे फोटोच्या बाहेर निघून गेले होते. समोर बघणारे हे एकाही फोटोत नव्हते. ज्या बाईकडे सगळी कॉलनी फोटो मागायला येते, तिच्याकडे स्वतःच्या नवऱ्याचा फोटो नव्हता. मी लॅपटॉप तसाच मिटला आणि कणीक मळायला घेतली.

सकाळी बघते तर हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गॅलरीजवळच्या खुर्चीत बसलेले. केस विंचरलेले, दाढी गुळगुळीत. ह्यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, आदल्या दिवशीच मंगळवेढ्याहून आल्या होत्या. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "काढ की गं," त्या म्हणाल्या, "बसलाय तर. कवा बसतो त्यो असा?"

मी कपाटावरून कॅमेरा घेतला. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता आणि तो आणायला जायचा मला धीर नव्हता, कारण गेले असते तर परत आले नसते. डोळा लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे माझ्याकडे सरळ बघत होते. उजेड उत्तम होता. दोन्ही कान दिसत होते, ओठांवर बेताचं हसू होतं. मी खटखट करत राहिले. हे जराही हलले नाहीत. मला मनातून ओरडावंसं वाटत होतं, हला की, शिंका तरी!

"झालं?" ह्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं आणि कॅमेरा पिशवीत टाकला. फोटो बघायचं धाडस झालं नाही. काढल्याबरोबर फोटो मागच्या पडद्यावर दिसायची सोय मी केव्हाच बंद करून ठेवली होती. लेकीचंच सांगणं होतं ते, सारखं मागे बघत बसलं की समोरचं निसटतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना ऑपरेशनला आत नेलं. लेक औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेली. बाहेरच्या बाकावर मी आणि आक्का. वर पंखा फिरत होता, तरी घामाने पदर भिजला होता. आक्कांनी फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी काढली, पुन्हा बांधून ठेवली. मग त्या म्हणाल्या, "कालचा फोटू दाव की त्याचा. बघू तरी दे."

मलाही एकाएकी तो बघावासा वाटला. आतल्या माणसाचा चेहरा बघायला तेवढीच एक खिडकी होती. मी कॅमेरा काढला, चष्मा लावला, बटण दाबलं. पडद्यावर बारीक अक्षरांत आलं, कार्ड नाही.

मला आधी कळेचना. मी झाकण उघडलं. आतली फट रिकामी होती. कार्ड घरी, लेकीच्या लॅपटॉपमध्ये, मी लावलं होतं तिथेच. आणि आमचा हा कॅमेरा असा शहाणा, की पोटात कार्ड नसलं तरी दाबेल तितक्या वेळा खटखट वाजतो. रोज बाहेर पडताना झाकण उघडून कार्ड तपासणारी मी, नेमकी त्या सकाळी तपासायची राहिले.

आत ह्यांची छाती उघडलेली आणि माझ्याकडे काही नाही. ते बेताचं हसू नाही, ती सरळ नजर नाही. ह्यांनी एवढीच एक गोष्ट माझ्याकडे मागितली होती, तीही माझ्याच हातातली. आक्का वाट बघत होत्या. मी म्हटलं, "आक्का, फोटो निघालेच नाहीत. आत कार्डच नव्हतं."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. "मग येवढं खटखट कशाचं वाजत हुतं गं?"

मी हसले. त्या बाकावर, त्या वेळी, मला हसू आलं आणि हसता हसता मी हुंदके द्यायला लागले. आक्का रागावल्या नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "गप. त्यो हाय की आत. फोटू कशाला पायजे?"

पण हे आत आहेत की नाहीत, तेच तर आम्हाला ठाऊक नव्हतं. लेक वर आली, तिलाही मी सांगितलं. ती माझा हात धरून बसली. दार उघडलं की आम्ही तिघी उठायचो. कधी वॉर्डबॉय यायचा, कधी दुसऱ्याच कुणाचे नातेवाईक पुढे धावायचे. मी डोळे मिटून ह्यांचा चेहरा आठवायला बघत होते आणि मला आठवत होता तो शर्ट, त्याची कॉलर. चेहऱ्याच्या जागी ऊन होतं.

मग एकदा दार उघडलं आणि आमचे डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचा मास्क खाली ओढत म्हणाले, "झालं छान. हृदय नीट चालायला लागलंय. काळजी नको."

मी उभी होते ती खालीच बसले, दवाखान्याच्या फरशीवर. जिवात जीव येतो म्हणतात तो येताना इतकं थकायला होतं हे मला माहीत नव्हतं. आक्का भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी हात जोडत होत्या. लेक रडत होती. मला नुसतं पाणी प्यावंसं वाटत होतं, तांब्याभर, थंड.

पुढे ह्यांना वॉर्डात आणलं. दाढीचे खुंट वाढलेले, ओठ सुकलेले, छातीवर उशी कवटाळून बसलेले. खोकताना आणि हसताना टाके दुखू नयेत म्हणून ती उशी असते. जरा बोलता यायला लागल्यावर ह्यांनी पहिल्यांदा काय विचारावं? "तो फोटो कसा आलाय?"

लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं, लॅपटॉप, कार्ड, रिकामी फट. आक्कांचा प्रश्नही सांगितला. ह्यांनी उशी घट्ट धरली आणि खांदे हलायला लागले. मी घाबरले, पण हे हसत होते. दुखत होतं तरी हसत होते. "म्हणजे मी एवढा वेळ श्वास धरून बसलो, ते फुकटच?"

नर्स लांबूनच म्हणाली, "मावशी, पेशंटला हसवू नका हो."

हसू ओसरल्यावर ह्यांनी पांघरूण नीट केलं, हाताने केस मागे सारले. "बरं, मग आता काढ. कार्ड आहे ना आज?"

कार्ड होतं. लेकीने घरून आणून स्वतः घातलं होतं आणि झाकण बंद करायच्या आधी मला दाखवलंही होतं. पिशवी माझ्या मांडीवरच होती. मी तिची चेन उघडली नाही.

"काढू की सावकाश," मी म्हटलं. "आता काय घाई आहे?"

आणि हे बोलता बोलताच माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हे बावरून माझ्याकडे बघत राहिले, अगदी समोर. "अगं, घाई नाही म्हणतेस, आणि रडतेस कशाला?"

"म्हणूनच रडतेय," मी म्हटलं.