सत्तावीस वेळा टाकलेला ड्रायव्हर

लोणावळ्यात कॉम्प्युटर जुळवणं म्हणजे पाणबुडी बांधण्यासारखंच आहे. आमच्याकडे पावसाळ्यात पापड तळायच्या आधीच मऊ असतो आणि कपाटात ठेवलेल्या चपलेला आठवड्यात मिशा फुटतात. माझ्या एका कमरेच्या पट्ट्याला तर मी चक्क पालवी फुटलेली पाहिली आहे. बायको म्हणते ती बुरशी होती, पण तिला झाडापानांतलं फारसं कळत नाही.

तिला घरांतलं कळतं. घरांचे आराखडे काढणं हेच तिचं काम. पुण्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून तिनं घरीच स्वतःचं काम मांडलं, तेव्हा एकेक सुटा भाग निवडून आणून मी तिला कॉम्प्युटर जुळवून दिला. त्यातली मुख्य चीज म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आकारानं विटेएवढं, आणि घरातली सगळ्यात महागडी वस्तू. कागदावरचं घर पडद्यावर उभं करायचं आणि बघणाऱ्याला त्यात खोली-खोलीतून हिंडवायचं, हा सगळा भार त्याच्यावर. हा कॉम्प्युटर मी स्वतःच्या हातानं जुळवला, हे मी अर्ध्या लोणावळ्याला रस्त्यात गाठून सांगितलं. उरलेल्या अर्ध्याला चिक्कीच्या दुकानात उभं राहून.

तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे परंदवडीचे एक आबा. सत्तरी ओलांडलेले, शेती राखून असलेले. त्यांना नवं घर बांधायचं होतं, पण अट अशी की आधी घरात फिरवून दाखवायचं. पसंत पडलं तर काम हिचं. नाही पडलं तर त्यांच्या पुतण्याच्या ओळखीचा एक ठेकेदार तयारच होता, आणि त्याच्याकडे एका बंगल्याचा रंगीत फोटो होता. आबांनी रविवारी अकराला यायचं ठरलं. हिनं दोन महिने राबून घर पुरं केलं. मग आम्ही चार दिवस नाशिकला एका बारशाला जाऊन आलो, बुधवारी कॉम्प्युटर चालू केला, आणि घर चालेना.

म्हणजे चालायचं, पण कसं? पहिलं पाऊल ओसरीवर, दुसरं एकदम मोरीत, तिसरं भिंतीच्या पोटात. मधली माजघरं कुणी पळवली, पत्ता नाही.

"ड्रायव्हर," मी नाडी न बघता निदान केलं.

कॉम्प्युटरला कार्डाशी बोलायला शिकवणारा जो प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर. बिघडला की काढायचा आणि नवा टाकायचा. मी काढला आणि टाकला. नव्यानं भागेना म्हणून जुना टाकला, मग त्याहून जुना. आमच्या खोलीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून फोन गच्चीच्या दाराशी छत्रीखाली ठेवून त्याच्यावरून धोंड्याएवढाले हे प्रोग्रॅम उतरवून घेतले. शनिवारपर्यंत सत्तावीस वेळा. यातला एखाददुसरा आकडा मी वाढवला असेल, पण बायकोनं मोजलेले पंचवीस तर नक्कीच. दरवेळी नवा ड्रायव्हर बसला की पडद्यावर एक चौकट यायची, तिच्यात इंग्रजीत दोन ओळी असायच्या, आणि मी 'ओके' दाबायचो. असल्या चौकटी वाचत बसणारी माणसं वेगळी.

हे सगळं सासरे बघत होते. ते आमच्याकडेच राहतात. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांची सगळी नोकरी स्टोअरकीपर म्हणून गेली. त्याच खोलीत खिडकीपाशी पेपर वाचत ते चार दिवस बसून होते आणि चकार शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. कागदाच्या फायलींत आयुष्य गेलेल्या माणसाला ग्राफिक्स कार्डाबद्दल काय विचारायचं?

रविवारी आबा नऊलाच हजर. भुशी धरणाला जाणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत अडकायला नको म्हणून ते भल्या सकाळीच निघाले होते. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर छताकडे वळवली. तिनं घर सुरू केलं.

आबा डोळे बारीक करून बघत राहिले. "दार कुटं गेलं, पोरी? आत्ता तर हितं व्हतं."

"आबा, ते मागे राहिलं. आपण आत आलो."

"आपुन कवा आलो? मी तर उंबरा बी वलांडला न्हाई."

हिनं तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी आबा थेट टाकीच्या गच्चीवर निघाले. त्यांनी सावकाश टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "तू लय मेहनत घेतली, दिसतंय. पन त्या ठेकेदाराचा फोटो हलत नसंल, अख्खा तरी दिसतोय."

बायको माउस घट्ट धरून बसली. तेव्हा सासऱ्यांनी पेपराची घडी घातली आणि मला विचारलं, "ते कार्ड तुम्हाला वापरात काढायचं आहे का?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"ते जतन करून ठेवलंय. मागणी द्या, म्हणजे काढतो."

मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट भिंतीपासून ओढलं आणि जुळवल्यापासून पहिल्यांदा त्याची पाठ पाहिली. कार्डाच्या चारही खाचा मेणकागदाची बुचं मारून चिकटपट्टीनं बंद केलेल्या, आणि दोऱ्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी: 'पावसाळी जतन. मागणीशिवाय उघडू नये.' खाली सही. आम्ही नाशिकला असताना सासऱ्यांनी घरातल्या कात्र्या, नेलकटर आणि शिलाई मशीन यांना दरसालप्रमाणे गंजू नयेत म्हणून ग्रीस लावून मेणकागद गुंडाळला होता. सगळ्यात महागडी वस्तू सुटली तर स्टोअरकीपर कसला? पडद्याची वायर त्यांनी काढून वरच्या एका उघड्या खाचेत खोचली होती. ती खाच कॉम्प्युटरच्या स्वतःच्या किरकोळ चित्रशक्तीची. चित्र दिसत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. कार्ड आत ठणठणीत बसून होतं, कुणी काम सांगेल म्हणून वाट बघत.

आणि त्या चौकटीत सत्तावीस वेळा काय लिहिलेलं होतं? हा पडदा या कार्डाला जोडलेला नाही.

"बाबा, चार दिवस तुम्ही बोलला का नाहीत?" बायकोनं विचारलं.

"माझ्याकडे मागणीच आली नाही. मला वाटलं, ह्यांचं काहीतरी दुसरं चाललंय."

मी हात घालायला गेलो, तर त्यांनी अडवलं. कागद हवा होता. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी लिहिलं की ग्राफिक्स कार्ड एक नग वापरासाठी मिळावं ही विनंती, आणि खाली सही ठोकली. त्यांनी ती वाचली, 'एक नग'वर बोट ठेवून मान हलवली, मग चिमट्यानं एकेक बूच काढून पुसून वायर बसवली. दाराशी पोचलेले आबा हे बघायला परत येऊन खाली बसले.

घर जे सुटलं! ओसरीवरून माजघर, माजघरातून जिना, लोण्यावरून सुरी फिरावी तसं. मी छाती काढून उभा. आबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"थांबव, पोरी. घेरी येती. मघाचं बरं व्हतं, थांबून थांबून दिसत व्हतं."

मी छाती आत घेतली. बायकोनं हसू दाबलं आणि अगदी बेतानं, परातीतून पाणी न्यावं तसं आबांना घरातून नेलं. दार आलं. आबांनी बसल्या जागी पाय उचलून उंबरा ओलांडला. स्वयंपाकघरात ते बराच वेळ थांबले, खिडकीतून बाहेर काय दिसेल ते विचारलं, घरच्या मालकिणीला ओटा उंच होईल म्हणाले. देवघरापाशी त्यांचा चेहरा उतरला.

"भिंतीपल्याड संडास हाय न्हवं?"

हिनं संडास उचलला आणि पार मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. भिंती आपोआप सरकल्या, उजेड नव्या जागी पडला. आबा पडद्याकडे बघत राहिले, मग हिच्याकडे. फोटोतला बंगला असा ऐकणाऱ्यातला नव्हता.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंगळवारी टेप घिऊन ये," ते म्हणाले. "जागा मोजाया. आन् त्यो वटा चार बोटं खाली घे."