भासऱ्यांच्या छकड्यात

आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, घरात अगदी गरीब गाय. पण हातात कासरा आला की त्यांच्या अंगात यायचं. छकडा रस्त्याच्या मधोमध हाकायचे. मागचा कितीही ओरडू दे, बाजूला घ्यायचं नाव नाही. आणि चुकून कोणी पुढे गेलाच, तर जन्माचा अपमान झाल्यासारखं त्याच्या मागे लागायचे.

अशा माणसाबरोबर मला माहेरी जायचं होतं. धाकट्या बहिणीची हळद होती. तिने निरोप धाडला होता, "तू आल्याबिगर मी हळद लावून घेत नाही." नवरा कामाला अकोल्यात, सासूबाईंचे गुडघे धरलेले. राहिले भासरे.

अडचण अशी, की भासऱ्यांशी भावजयीने बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. घरात तिसरं कोणी नसलं की मी मांजराला सांगायची, "मांजरे, भाकर झाली." ते भिंतीला सांगायचे, "येतो म्हणा." दोन वर्षं आमचं असं सुरळीत चाललं होतं. छकड्यात मांजर नव्हतं.

मालेगाव सोडलं आणि भाजी विकून रिकामी परतणारी एक बैलगाडी शेताच्या कडेने चाक घासत आमच्या पुढे गेली. वर तो गाडीवाला मागे वळून हसला. झालं. भासऱ्यांनी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. मी डोक्यावरचा पदर धरू, नारळांची पिशवी धरू की छकड्याचा दांडा धरू? तिन्ही सुटले. तोंडात धूळ गेली, कंबरेचा खुळखुळा झाला.

शिरपूरच्या अलीकडे माझ्या माहेरच्या गावाचा फाटा. तो दिसला, जवळ आला आणि मागे गेला.

मी खोकले. बांगड्या वाजवल्या. शेवटी लोटा घेऊन छकड्याची फळी बडवली. भासऱ्यांना वाटलं, मी बैलांना चेव आणते आहे. ते आणखी पेटले.

फाटा मागे बारीक होत चालला होता. तिकडे बहीण पाटावर बसून असेल. बोलले तर सासरी माझी धडगत नव्हती, आईचाही उद्धार झाला असता. मला भासऱ्यांचा राग आला, त्या रीतीचा त्याहून जास्त आला, आणि रडूही आलं.

"थांबवा गाडी," मी म्हणाले. "माहं गाव मांगं राह्यलं."

त्यांनी कासरा असा ओढला की बैल जागीच अडखळले. पुढची गाडी तेव्हा हातभर अंतरावर आली होती. ती निघून गेली, गाडीवाल्याने फेटा हलवून दाखवला. भासऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. छकडा फिरवला आणि बैलांना म्हणाले, "चाला रे बापहो, तिकडं हळद खोळंबली."

बहीण पाटावर मुठी आवळून बसली होती आणि बाया तिच्यावर करवादल्या होत्या. मी हातपाय न धुताच तिला हळद लावली.

लग्न आटोपून सासरी आले, तर त्या गाडीवाल्याने गोष्ट गावभर केलेली आणि जिकडेतिकडे भासऱ्यांचीच थट्टा. ओसरीवर येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काहून गा, हाती आलेली गाडी काहून सोडली?" मी दाराआड कान देऊन उभी.

"बैल दमले गा," ते म्हणायचे. "हारलो."

पुढे तीसएक वर्षं आम्ही एका घरात राहिलो. मी त्यांच्याशी पुन्हा कधी बोलले नाही, आणि एकदा बोलले होते हे त्यांनी शेवटपर्यंत कोणाला कळू दिलं नाही.