दर जूनला नव्याने लागणारे सर

सर माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचे नाहीत, पायांकडे बघायचे. बास्केटबॉलच्या टीममध्ये यायचंय म्हणून एखादी मुलगी समोर उभी राहिली, की हे खाली बघत तिच्या बुटांनाच विचारल्यासारखं विचारायचे, "पळतेस का?" उंची विचारायचे नाहीत. नाव तर त्याच्याही नंतर. "पाय पळाले की बाकीचं मागनं येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

स्वतः सर बुटके होते. बास्केटबॉलचा कोच म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो ताडमाड माणूस उभा राहतो ना, तो आधी पुसून टाका. मुलींच्या घोळक्यात सर दिसायचेच नाहीत, शिट्टीच्या आवाजावरून शोधावे लागायचे.

माझा आणि बास्केटबॉलचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. काही नाही. मी पुण्याच्या कॅम्पातल्या एका मिशनच्या कॉलेजात अकाउंट्स शिकवायचे. मुलींची टीम बाहेर खेळायला गेली की सोबत एक बाई लागते, असा नियम. प्राचार्यांनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि मी मान खाली घालायला उशीर केला, एवढंच.

सर ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला, म्हणून बालपण सगळं खडकीच्या क्वार्टरमध्ये गेलं. कॉलेजात सगळे मला मॅडम म्हणत, हे एकटे "बाई" म्हणायचे, कारण ते शिकले त्या मिशनच्या मराठी शाळेत शिकवणारी ती बाईच. रविवारी सकाळी उपासना, त्यामुळे रविवारी सराव नाही. बाकी सगळे दिवस सकाळी सहाला मैदानावर. नाताळात त्यांच्या घरून करंज्या-चकल्यांचा डबा यायचा. आमच्या स्टाफरूमला दिवाळी वर्षातून दोनदा मिळायची.

मॅचआधी ते मुलींना गोलात उभं करून प्रार्थना करायचे. मुली सगळ्या जातीधर्मांच्या, पण गोल कधी मोडला नाही. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, हे काहीतरी चुकतायत. "प्रभू, आमच्या मुलींचे घोटे सांभाळ, आणि समोरच्या मुलींचेही सांभाळ." एवढीच प्रार्थना. जिंकण्याचं नावच नाही.

मी म्हटलं, "सर, निदान आपण कुठल्या बाजूला आहोत ते तरी देवाला सांगा."

"त्याला माहीत असतं, बाई," सर म्हणाले. "माहीत नसतं ते पंचांना."

आणखी एक खोड होती. टीममधली प्रत्येक मुलगी प्रत्येक मॅचमध्ये थोडा वेळ का होईना खेळलीच पाहिजे. मॅच अटीतटीची असो, समोर कोणी असो. "बाक घाम पुसायला असतो, बसायला नाही," म्हणायचे. त्यापायी आम्ही कितीतरी जिंकलेल्या मॅच हरलो. मी तर एकदा बाहेरून ओरडले होते, "अहो, तिला कशाला घालताय आत?" त्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं, माझ्या चपलांकडे, आणि पुन्हा खेळाकडे बघू लागले.

आता मुद्द्याचं सांगते. सर इतकी वर्षं कॉलेजात होते, पण हंगामी. दर मे महिन्यात त्यांची नेमणूक संपायची आणि जूनमध्ये नवी निघायची. म्हणजे मधल्या दिवसांत ते कॉलेजचे कोणी नव्हते. तरी त्या दिवसांतही सकाळी सहाला त्यांची मोपेड मैदानाशी हजर. वॉचमन गमतीनं विचारायचा, "सर, आज तुम्ही कोण?" सर म्हणायचे, "आज पाहुणा. फाटक उघड." त्यांच्या मागून आलेले कायम झाले, त्यांच्या हाताखालचा शिपाई कायम झाला. सरांच्या बायकोला पाठीचा आजार जडला, तिनं नर्सची नोकरी सोडली, तेव्हा मात्र सर पहिल्यांदा स्वतःहून प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, "या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कप आणा. तुमची फाईल मी स्वतः पुढे सरकवतो."

आणि त्या वर्षी टीमही तशीच होती. कॅप्टन वारज्याची. घरची शेती, गाव नुकतं शहरात आलेलं, शेताच्या बांधापर्यंत इमारती पोचलेल्या. उंच, दणकट पोरगी. रिंगेखाली उभी राहिली की समोरच्या मुली तिला वळसा घालून जायच्या. सगळे सामने जिंकत आम्ही थेट फायनलला पोचलो. मी, जिला तोवर पिव्हट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, ती घरी जेवताना, एक पाय रोवून दुसऱ्यावर कसं गरकन वळायचं, हे नवऱ्याला समजावून सांगू लागले.

तेवढ्यात नोटीस लागली. ते दिवस तुम्हाला आठवत असतील, गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते आणि इंजिनियर नसलेल्या मुलांनाही सॉफ्टवेअरवाले घ्यायला लागले होते. आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच एक कंपनी निवडीला येणार होती. सकाळी लेखी परीक्षा, दुपारी मुलाखत, सगळं एका दिवसात. आणि दिवस नेमका फायनलचा.

कॅप्टननं नोटीस वाचली आणि सांगून टाकलं, "मी नाय जात. सरांचं परमनंटचं हाय." मुलींना सगळं माहीत होतं. कॉलेजात काय लपतं?

सरांनी तिला विचारलं, "घरी काय म्हणतात?"

ती म्हणाली, "बाबा म्हणत्यात, नोकरी लागली तर दोन वर्षं थांबू. नाय तर मेमध्ये उरकायचं. स्थळ बघून ठेवलंय."

सर म्हणाले, "परीक्षेला जा."

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "सर, तुम्ही संत व्हायला निघालात का? घरी आजारपण आहे. तिला पुढच्या वर्षी दुसरी कंपनी मिळेल."

"बाई, कप मिळाला तर मी परमनंट होईन. ती खेळायला राहिली तर मेमध्ये तीच परमनंट होईल. तिचं परमनंट पुन्हा सोडवता येत नाही." असं म्हणून ते चेंडूत हवा भरायला गेले. मला राग आला होता.

कॅप्टनच्या जागी आली वर्ध्याची मुलगी. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी तिकडून इकडे आलेले. स्वभावानं गरीब, चेंडू अंगावर आला की आधी डोळे मिटायची. एरवी सर तिला दोन-चार मिनिटं खेळवायचे. त्या दिवशी ती पूर्ण वेळ खेळली. आणि काय सांगू, सगळ्याच पोरी जीव खाऊन खेळल्या. मध्यंतराला आम्ही पुढे होतो.

मध्यंतरानंतर टीम बाजू बदलतात. आता आमच्या मैदानाची एक गोष्ट सांगायला हवी. तिथं एकाच बाजूच्या रिंगेमागे धड फळी होती. दुसऱ्या बाजूची वादळात मोडली ती मोडलीच. त्यामुळे आमच्या मुलींचा सगळा सराव एकाच रिंगेवर, जिच्या मागे गुलमोहर होता. ज्या मैदानावर फायनल होती, तिथंही एका रिंगेमागे गुलमोहर होता. शेवटची काही मिनिटं उरली होती. गर्दीत चेंडू वर्ध्याच्या मुलीच्या हातात आला. तिनं वळून पाहिलं, गुलमोहर दिसला, आणि त्या झाडाखालच्या रिंगेत तिनं चेंडू टाकला. अचूक गेला. तिनं आनंदानं दोन्ही हात वर केले. ती आमचीच बाजू होती. गुण समोरच्या टीमला मिळाले.

आम्ही एका गुणानं हरलो.

मी डोक्याला हात लावून बसले. मैदानात ती पोर पुतळ्यागत उभी, आणि एक माणूस टाळ्या वाजवतोय. सर. ते तिच्याजवळ गेले. ती रडत म्हणाली, "सर, माह्या हातून झालं."

"वर्षभर सांगतोय, मनगट सैल सोड, डोळे उघडे ठेव," सर म्हणाले. "आज दोन्ही केलंस. बाजूचं काय, बाजू शिकवता येते."

तेवढ्यात कॅप्टन धापा टाकत आली, परीक्षेची फाईल काखेत. तिनं फळ्यावरचे गुण वाचले आणि तिचा चेहरा पडला. सरांनी आधी विचारलं, "लागली?"

"लागली," ती म्हणाली, आणि मग तीही रडायला लागली. सगळ्याच रडत होत्या, कोण कशासाठी ते कळेना. सरांनी सगळ्यांना रसवंतीत नेलं आणि स्वतः बर्फ नको म्हणून भांडून रस घेतला.

सरांची फाईल अर्थातच पुढे सरकली नाही. प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ विचारलं, "आपण कप मागता, पण मुलींना दुसरी रिंग दिलीत का कधी? एका डोळ्याला पट्टी बांधून वाचायला लावायचं आणि नापास झाली म्हणायचं." प्राचार्य चष्मा पुसत राहिले. सुट्टीत दुसरी फळी बसली. सर जूनमध्ये पुन्हा हंगामी लागले आणि मला म्हणाले, "बाई, आता आपलं मैदान पूर्ण झालं." एवढा खूश माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढे कप आले, दोनदा आले. पण तोवर प्राचार्य बदलले होते, आणि नव्यांना जुना शब्द ठाऊक नव्हता. कॉलेजात काचेची इमारत उठली, संगणक आले. मग नियम आला की कोचला शारीरिक शिक्षणातली मोठी पदवी हवी. सरांकडे नव्हती. एका मे महिन्यात त्यांची नेमणूक संपली, आणि यंदा जूनमध्ये नवी निघणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं.

हंगामी माणसाला निरोप समारंभ नसतो, असं ऑफिसातून उत्तर मिळालं. नसेना का. मी वारज्याच्या कॅप्टनला फोन केला. ती आता हिंजवडीत टीम लीडर, लग्न स्वतःच्या मर्जीनं केलेलं, एक मुलगा. ती म्हणाली, "मॅडम, मी मेल टाकते." त्या मेलनं काय केलं ते मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं. फाटकातून बायका येत होत्या. कुणाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कुणाच्या कडेवर मूल, एक तर सात महिन्यांची गरोदर. वर्ध्याची मुलगीही आली, ती आता शाळेत शिकवते. नव्या प्राचार्यांनी खिडकीतून बघून विचारलं, "कुठली कंपनी आलीये?"

भाषणं झाली नाहीत. सरांनी सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं, चपला काढायला लावल्या आणि दोन टीम पाडल्या. गरोदर मुलीच्या हातात शिट्टी दिली. सगळ्या खेळल्या. खेळ संपल्यावर सरांनी सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "बाई, उद्या सकाळी नव्या मुली येतील. कोणी असेल ना?"

"मी हाय की," कॅप्टन म्हणाली. "ऑफिस दहाला असतंय."

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी सहाला कॉलेजात गेले, किल्ली द्यायची होती म्हणून. कॅप्टन आली होती. मुली दोन्ही रिंगांवर पळत होत्या, चेंडूंचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. फाटकाबाहेर, झाडाच्या आडोशाला एक मोपेड उभी होती आणि सर तिच्यावर बसून जाळीतून बघत होते.

वॉचमन म्हणाला, "आत या की, सर."

"नको," सर म्हणाले. "मी दिसलो तर त्या माझ्याकडे बघतील. त्यांनी तिच्याकडे बघायला हवं."

थोडा वेळ त्यांनी पाहिलं. मग मोपेडला किक मारायच्या आधी ती हातानं ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, आत आवाज जाऊ नये म्हणून.