पानाची खालची बाजू

आमच्या हिच्या मामांइतका शांत, सज्जन आणि तरीही अंगावर काटा आणणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. पिकांवरचे रोग ओळखणं हे त्यांचं काम. सरकारी नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण रोगांनी मामांना सोडलं नाही आणि मामांनी रोगांना. पांढरा शर्ट, पायांत घासून धुतलेले गमबूट, गळ्यात भिंग अशी ही उंच आकृती दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेच्या वाटेला लागली की बांधावर गप्पा मारणारी माणसं एकदम गप्प होतात. मामा आले म्हणजे रोग येणार, असा तिकडे पक्का समज. एका बाईंनी त्यांच्या पाठीमागे मीठ-मिरच्या ओवाळलेल्या मी स्वतः बघितल्या आहेत. मामा मागे वळलेसुद्धा नाहीत. चालता चालता म्हणाले, "मिरच्या घरच्या दिसतात. झाडांची पानं आकसलीत का हो?" बाईंचा हात तसाच हवेत राहिला, कारण पानं खरोखरच आकसली होती.

बागेत शिरायची त्यांची रीत तर विचारूच नका. फाटकाशी थांबतात, लोखंडी खांबावर बोटानं टकटक करतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "येऊ का?" मग डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा. त्या वेळी वारा पडलेला असतो, वेली नुसत्या उभ्या असतात, आणि माझ्यासारख्या जन्मभर विमा विकलेल्या माणसालाही वाटतं की आता आतून कुणीतरी उत्तर देणार. कधी कधी उत्तर येतंही बहुतेक, कारण "आज नको म्हणतायत" एवढं बोलून मामा सरळ परत फिरतात. याचं कारण त्यांनी एकदा मला समजावलं होतं. पानं दवानं ओली असताना माणूस बागेत फिरला की रोग त्याच्या कपड्यांवरून पुढच्या ओळीत जातो. कारण पटलं मला, पण अंगावरचा काटा काही गेला नाही.

आणि त्यांचं नाक! डावणी नावाचा एक बुरशीचा रोग आहे. द्राक्ष फुलोऱ्यात असताना तो शिरला तर घडच्या घड कुजवतो. पानावर ठिपका दिसायच्या आधीच फाटकावर मामांना त्याचा वास लागायचा. डावणीला ते नुसतं 'ती' म्हणतात. "ती आली आहे", "ती अजून निजलीय", अशा घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशा सुरात. नाकाखालोखाल दुसरी सवय म्हणजे दिसेल ती गोष्ट उलटी करून बघायची. पानाच्या वरच्या बाजूला काही खरं नसतं, रोग खाली राहतो, हा त्यांचा सिद्धांत. पंगतीत केळीचं पान वाढायच्या आधी उलटं होणार, तोरणातला आंब्याचा डहाळा उलटा होणार. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा चहाचा कप माझ्या हातात असताना या गृहस्थांनी मागे येऊन माझी कॉलर वर करून बघितली होती. "पुढून सगळेच बरे दिसतात," ते हिच्या आईला म्हणाले. मान स्वच्छ निघाली म्हणून माझं लग्न झालं, असं ही अजून चारचौघांत सांगते.

मामी होत्या तोवर या सगळ्याला घरात मर्यादा होती. संशयाचं पान ओल्या कापसासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवायचं आणि सकाळी खालच्या बाजूला पांढरी लव फुटते का बघायचं, ही त्यांची परीक्षा. ती मामी त्यांना न्हाणीघरात करायला लावायच्या. मामी गेल्या आणि पिशवी पलंगावर आली, मामींच्या उशीवर. त्या उशीचा अभ्रा मामांनी बदलू दिला नाही, उशी जागची हलवूही दिली नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हादरलोच. मामा म्हणाले, "रात्री शेजारी कुणीतरी लागतं, जावईबापू."

परवाच्या अवकाळी पावसानंतर भाऊसाहेबांचा फोन आला. हे मामांचे जुने स्नेही, बाग ऐन फुलोऱ्यात. मी मामांना गाडीतून घेऊन गेलो. फाटकावर टकटक झाली, "येऊ का" झालं, डोळे मिटले, आणि मामा तसेच उभे राहिले. पुन्हा श्वास घेतला. परत घेतला. भाऊसाहेबांचा चेहरा उतरत चालला.

"मामा, हाय का नाय तेवढं सांगा. लय जीव टांगणीला लागलाय."

"उद्या सांगतो," मामा म्हणाले, आणि एक पान तोडून पिशवीत टाकलं.

उद्या सांगतो! मामांच्या तोंडून हे कुणी ऐकलेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ते पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. मला त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मी नाशिक रोडला त्यांच्याकडेच मुक्काम केला.

सकाळी चहा घेऊन गेलो तर बंद दाराआडून मामांचा आवाज आला, अगदी मायेनं, "आलीस का?" दार ढकललं, तर मामा मामींच्या उशीवर वाकून बसलेले, आणि पिशवीतल्या पानाखाली पांढरी लव. त्यांनी ताबडतोब भाऊसाहेबांना फोन लावला, काय फवारायचं ते सांगितलं, घड अजून वाचतील म्हणाले.

"पण मामा, काल वास नाही आला?" मी विचारलं.

"त्या कोरोनाच्या साथीत ताप आला ना, तेव्हापासून कसलाच येत नाही. फाटकावर नुसता उभा राहतो. लोकांना धीर येतो. एरवी पानं बघून सांगतो, काल पानावर काहीच दिसत नव्हतं." मग उशीकडे बघून म्हणाले, "हिचाही येत नाही."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, "पण खोलीत कुबट वास येतोय, मामा."

ते ताठ झाले. "कुठून?"

मी उशीकडे बोट दाखवलं. मामांनी आयुष्यभर दुनिया उलटी करून बघितली, पण ही एक उशी तेवढी उलटली नव्हती. आता उलटली. खालून काळ्या ठिपक्यांनी भरली होती. ओल्या पिशव्यांनी आपलं काम केलं होतं. सवयीनं त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"ऊन दाखवावं लागेल," ते म्हणाले. "उन्हानं सगळंच जातं." मग उशी माझ्यापुढे धरली. "तुमचं नाक शाबूत आहे. वरच्या बाजूला काही उरलंय का बघा."

मी वाकलो. आधी नुसती बुरशी. मग तिच्याखाली, अगदी पुसट, मामी.

"आहे," म्हटलं. "माक्याचं तेल आहे."

"आणि?"

"वेखंड असावं."

"डोकं दुखायचं तिचं. आणखी? सावकाश सांगा."

पुन्हा वाकलो, जे जे आलं ते सांगत गेलो. मामा डोळे मिटून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी उशी दोन्ही हातांत घेतली आणि गच्चीचा जिना चढले. दाराशी थांबले, चौकटीवर बोटानं टकटक केलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग उन्हात गेले.