सगळ्याच सौ. मीरा

शनिवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. दोन हजार दोनचा एप्रिल. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर साडीच्या दुकानासमोर मी बसची वाट बघत उभी होते, आणि रस्त्याच्या पलीकडून एक अनोळखी बाई माझ्या मुलीला नावानं हाका मारत होती.

"मीरा! मीरा!"

तिथून हे किस्से साठायला लागले. किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात डब्यांची झाकणं साठतात तसे ते साठतात. डबे कुठं गेले कळत नाही, झाकणं तेवढी उरतात. आमच्या स्टुडिओत येणारी माणसं हे किस्से हसत हसत सांगतात. मला सांगताना राग येतो. तर रागानंच सांगते.

माझी मीरा तेव्हा दोन वर्षांची. आम्हाला कराडकडून इथं येऊन वर्ष झालेलं. मीराचे पप्पा मिठाईच्या दुकानात कढईवर, आणि मी दिवसभर पोरीला धरून बसलेली. ताप येईल, बर्फात घसरेल, कुणी उचलून नेईल, माझ्या डोक्यात दुसरं काही नसायचंच. आणि ही बाई नाव घेऊन बोलावते? माझ्या मुलीचं नाव हिला सांगितलं कुणी?

मी पोरीला काखेत मारलं, सिग्नल न बघता रस्ता ओलांडला आणि बाईच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टाच धरला. "नो फोटो. माय बेबी. पोलीस." माझं इंग्लिश तिथं संपलं, पुढचं सगळं मराठीत.  बाईचे केस पांढरे, पायात पुरुषांचे बूट.

साडीवाले मनसुखभाई पळत बाहेर आले आणि पोट धरून हसायला लागले. "अरे बेन, ये स्पेन की है. इनकी भाषा में मीरा मतलब देखो. बच्ची को नहीं, तुमको बोल रही थी, इधर देखो."

आठवड्यानं तिनं फोटो आणून हातात दिला. काळा-पांढरा. भुवया चढवलेली मी, आणि माझ्या मुठीत पोरीचं मनगट. माझ्या लग्नाच्या फोटोत दिसते ती नथ आणि मुंडावळ्या. या फोटोत मी होते.

मागं पेन्सिलनं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'मीरा'. मला वाटलं मुलीचं नाव लिहिलंय. तिनं लिहिलं होतं 'बघ'.

*

तिचं नाव पिलार. मी पिलारताई म्हणते. तिचा स्टुडिओ मनसुखभाईंच्या दुकानाच्या वर. पासपोर्टचे फोटो, देशी लोकांची लग्नं, आणि उरलेल्या वेळात तिचे स्वतःचे फोटो. मला तिनं कामाला घेतलं. लग्नात नवरीच्या तोंडावर उजेड पाडायला एक गोल चंदेरी कापड धरायचं असतं, ते मी धरायचे. मीरा टेबलाखाली फिल्मच्या रिकाम्या डब्या रचत बसायची.

काम नसलं की पिलारताई सोप्या इंग्लिशमधून तिकडचं सांगायची. समुद्रकाठचं गाव, बाप जाळी दुरुस्त करणारा. चुलत्याचा फोटो स्टुडिओ होता. तिथं पोरींना कॅमेऱ्याला हात लावायची बंदी. पोरींनी ब्रश घेऊन लोकांच्या तोंडावरचे डाग पुसायचे, गालांना रंग द्यायचा. चुलता म्हातारा झाला, त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा फोटोही हीच काढायला लागली. पण प्रत्येक फोटोच्या मागं शिक्का बसायचा तो चुलत्याचा. 'अमुक आणि सुपुत्र.'

चुलत्याला मूलबाळच नव्हतं.

"ते सुपुत्र म्हणजे मी," पिलारताई म्हणायची.

तिकडचा हुकूमशहा मेला त्या दिवशी तिनं बंदरावर उभ्या राहिलेल्या काळ्या कपड्यांतल्या बायकांचा फोटो काढला. पेपरात पहिल्या पानावर आला. नाव? सुपुत्र. त्यानंतर तिनं घर सोडलं. मासिकांसाठी देशोदेशी हिंडली, एका मासिकाच्या कामाला इथं आली, मासिक बंद पडलं, ही राहिली.

हे ऐकून मी चिडले तर तीच मला म्हणाली, "तू कशाला रागावतेस? तुझ्याकडे तर शिक्का मारायला चुलतासुद्धा नाही."

*

इथं सगळे तिला मेक्सिकन समजतात. स्पॅनिश बोलते म्हणजे मेक्सिकन, आणि मेक्सिकन म्हणजे झाडलोट करणारी. हे आपल्या लोकांनी कसं ठरवलं, मला माहीत नाही. इथले गोरे आपल्याला काय समजतात ते मात्र सगळ्यांना टोचतं!

इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टरकाका. सबर्बमध्ये मोठं घर, तीस वर्षांपूर्वी आलेले. त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. पिलारताई आणि मी मागच्या दारानं गेलो, कारण गाडी तिकडं लावली होती. काकूंनी दार उघडलं, आम्हा दोघींना खाली-वर बघितलं आणि पिलारताईच्या हातात पोछा दिला. "किचन फर्स्ट," म्हणाल्या.

मी तोंड उघडणार तेवढ्यात पिलारताईनं माझा पाय दाबला. पोछा घेतला, खिडकीपाशी फरशीचा एक चौकोन लख्ख पुसला, त्यावर कॅमेऱ्याची तिवई उभी केली आणि काकूंना विचारलं, "ओके. नाउ, व्हेअर इज द मदर?"

काकूंना समजलं तेव्हा त्या ओट्याला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला, दिवसभर उभ्याचा थकवा तोंडावर.

"मीरा," पिलारताई हळूच म्हणाली. काकूंनी वर बघितलं. फोटो निघाला.

*

मंडळातल्या मुग्धाच्या लग्नाचा किस्सा डेव्हनवर अजून चालतो. नवरा मुलगा टेक्सासमधल्या फ्रिस्कोचा इंजिनीअर. अंतरपाट धरायची वेळ आली आणि पिलारताई आपली सवयीनं त्याला हाक मारतेय, "मीरा! मीरा!" सुरुवातीलाच मी त्याला अर्थ समजावला होता, त्यामुळं तो दर हाकेला शहाण्यासारखा वळून बघत होता.

मुग्धाची नागपूरची मावशी पुढच्याच खुर्चीत. तिनं हे चार-पाच वेळा बघितलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "काहो, ही मीरा कोण?"

मी हातात चंदेरी कापड धरून घाईत. म्हटलं, "माझी मुलगी."

मावशीनं स्ट्रोलरमधल्या माझ्या झोपलेल्या पोरीकडं बघितलं. मग नवऱ्या मुलाकडं. मग माझ्याकडं.

"गुरुजी," ती म्हणाली, "जरा थांबा."

उलगडा व्हायला मुहूर्त टळायची वेळ आली. सगळे हसले, मीही हसले. पण मुलाच्या वडिलांनी पिलारताईला सुनावलं की हिला इंग्लिश बोलायला काय होतं, आणि तिला मागं उभं केलं. पुढं उभे राहिले नवीन डिजिटल कॅमेरेवाले मुलाचे सगळे भाऊ. त्यांच्या फोटोंत एकमेकांचे कॅमेरेच आले. नवरीचा हसरा चेहरा आला तो एकट्या मागच्या बाईच्या फोटोत. त्या वडिलांनी तो मोठा करून नेला. थँक्यू म्हणाले नाहीत.

*

आता स्मरणिकेचा किस्सा. 

चार वर्षं पिलारताईनं आपल्या बायकांचे फोटो काढले. किराण्याच्या काउंटरवरच्या, बस स्टॉपवरच्या, धुलाईच्या मशीनसमोर बसलेल्या. ज्या बाईचा फोटो, तिला एक प्रत द्यायचीच. मागं पेन्सिलनं 'मीरा', स्वतःचं नाव कधीच नाही. मी विचारलं तर म्हणाली की फोटो उलटा करून लोक नाव वाचत बसतात. त्यांनी परत सरळ करून बघावं म्हणून लिहिते.

मंडळानं गणपतीत हे फोटो हॉलमध्ये लावायचे आणि स्मरणिकेत छापायचे ठरवलं. डॉक्टरकाकांनी फ्रेमा करून दिल्या. गणपतीच्या दिवशी आम्ही हॉलमध्ये गेलो. बघते तर प्रत्येक फोटोखाली छापलेलं: 'सौ. मीरा'.

मागचा शब्द बघून कुणीतरी नावंच छापली होती. मंगलमावशींचे यजमान जाऊन दहा वर्षं झालेली, त्या सौ. मीरा. ॲन आर्बरहून सुट्टीला आलेली शिकणारी पोरगी, लग्न नाही काही नाही, ती पण सौ. मीरा. ती म्हणाली, "राहू दे यार, आईला पाठवते. स्थळं बघणं थांबवेल."

आणि प्रत्येक सौ. मीराखाली बारीक अक्षरांत: 'फोटो सौजन्य: मंडळाचे अध्यक्ष'.

पिलारताईला देवनागरी येत नाही. तिनं मला वाचायला सांगितलं. सौजन्य म्हणजे काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, चांगुलपणा.

"कुणाचा?"

"डॉक्टरकाकांचा."

"आणि मी?"

मी परत वाचलं, तिचं नाव कुठंच नव्हतं. ती म्हणाली, "सुपुत्र."

मी डॉक्टरकाकांकडं गेले. ते म्हणाले, एवढं काय त्यात, फोटोग्राफरचं नाव घालायची आपल्यात पद्धत नाही. मी म्हटलं, मग तुमचं कसं घातलं? त्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "सातवी शिकलेल्या बाईनं स्मरणिकेचं मराठी तपासू नये." लोक हसले. माझी मीरा शेजारीच उभी होती. "मम्मा, व्हाय आर दे लाफिंग?"

आणि वर त्यांनी पिलारताईलाच बोलावलं, कार्यकारिणीचा फोटो काढायला. सगळे गणपतीपुढं ओळीत उभे राहिले. ती सरळ जमिनीवर पालथी झोपली. कलाकार आहे, असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

आठवड्यानं मंडळाला फ्रेम पोचली. गणपतीपुढं सगळ्यांनी बूट काढलेले होते. फोटोत नुसत्या मोज्यांची रांग, आणि मधोमध डॉक्टरकाकांचा अंगठा, मोज्याच्या भोकातून बाहेर आलेला. खाली पिलारताईनं माझ्याकडून शुद्ध मराठीत लिहून घेतलं होतं:

'पाय सौजन्य: कार्यकारिणी.'

त्या वर्षी आमची चार लग्नं कॅन्सल झाली.

*

यंदा जानेवारीत स्टुडिओच्या वरचा पाइप थंडीनं फुटला. निगेटिव्ह सगळ्या भिजल्या, मग गोठल्या, मग एकमेकींना चिकटून त्यांच्या विटा झाल्या. आम्ही दोघी त्या विटा हातात धरून बसलो.

आणि महिन्याभरात तिच्या गावाहून कळवलं की तिथल्या जुन्या बंदराच्या इमारतीत तिच्या फोटोंचं प्रदर्शन करायचंय. या वर्षाअखेर. बाहेर पाटीवर तिचं नाव, एकटीचं. सुपुत्र नाही, सौजन्य नाही.

"आता नाव भिंतीवर आहे," ती म्हणाली, "आणि भिंतीला लावायला काही नाही."

उरल्या त्या फक्त लोकांच्या घरच्या प्रती. आम्ही दारोदार फिरलो. कुणी म्हणालं बेसमेंटमध्ये असेल, कुणी म्हणालं घर बदललं तेव्हा टाकला. एकीनं मुलीच्या स्थळासाठी कात्रीनं कापून सासूचा अर्धा भाग फेकून दिला होता. मला रडू येत होतं, पण पिलारताई तो उरलेला अर्धा भागसुद्धा मागून घेत होती.

शेवटी डॉक्टरकाकांचं घर. हॉलमधल्या सगळ्या फ्रेमा त्यांच्याच बेसमेंटमध्ये. दार काकूंनी उघडलं. या वेळी त्यांच्या हातात काही नव्हतं. "या," म्हणाल्या.

काका म्हणाले, या फ्रेमा मंडळाच्या आहेत. शिवाय स्मरणिकेत त्यांचं नाव छापून गेलंय, आता बदललं तर लोक काय म्हणतील?

काकू वरच्या मजल्यावर गेल्या आणि बेडरूममधली एक फ्रेम घेऊन खाली आल्या. त्यांचाच फोटो, ओट्याला टेकलेल्या. डोहाळजेवणाच्या दिवशीचा.

काका म्हणाले, "हा कशाला? हा तर मी काढलेला आहे, मला चांगलं आठवतंय."

काकूंनी फ्रेम उलटी केली, खिळे नखांनी वाकवले, फोटो काढला आणि मागचं पेन्सिलचं अक्षर त्यांच्यापुढं धरलं. काकांनी चष्मा लावून वाचलं.

"मीरा? कोण मीरा?"

काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून तुम्ही शेकड्यानं फोटो काढलेत. मला बघून एक तरी काढलात का?"

मग त्या बेसमेंटमध्ये उतरल्या आणि एकेक फ्रेम माझ्या हातात देत राहिल्या. काका जिन्यावर बसून होते.

*

तर आता तुमच्याकडं मागणं आहे. तुमच्या घरी, कपाटात, अल्बममध्ये काळा-पांढरा फोटो असेल, त्यातली बाई हसत नसेल, कुणीतरी दुसऱ्याच नावानं हाक मारल्यासारखी नुकती वळलेली असेल, तर तो उलटा करा. मागं पेन्सिलनं 'मीरा' असेल तर ते कुणाचं नाव नाही. खोडू नका. कात्री लावू नका. डेव्हनवर मनसुखभाईंच्या दुकानात आणून द्या, आम्ही दुसरी प्रत करून तुमचा तुम्हाला परत देऊ. पिलारताई ऑक्टोबरात निघेल.

तुमच्याकडं नसेल तर शेजारणीला विचारा. टेक्सासला बहीण असेल, ॲन आर्बरला भाची असेल, तिला फोन करा. त्यांनी त्यांच्या मैत्रिणींना सांगावं. फोटो उलटा करून बघा म्हणावं. आणि मग परत सरळ करून.