कायम विनाअनुदानित

आमच्या कॉलेजला विज्ञान शाखा मंजूर झाली तेव्हा शिक्षकांना म्हसळ्याच्या आसपासची गावं वाटून दिली होती. मी रसायनशास्त्र शिकवणार होते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तरच पगार. पण आधी विद्यार्थी गोळा करायचे. वर्ग भरला नाही तर शाखा बंद, हे पहिल्याच बैठकीत बजावलं होतं. भर उन्हात दारोदार हात जोडत हिंडताना मला आपण निवडणुकीला उभ्या आहोत असं वाटायचं.

एका घरातली मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती. तिला बीएस्सीच करायचं होतं. वडील मुंबईला कंपनीत, तेव्हा सुट्टीवर आलेले. पोरगी हॉस्टेलला राहणार नाही, रोज येऊन-जाऊन होईल तेवढंच शिकेल, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी ऐटीत मंजुरीच्या पत्राची प्रत पुढे केली. ते एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचत गेले आणि ‘कायम विनाअनुदानित’पाशी थांबले.

“कायम म्हंजे मधीच बंद न्हाय ना व्हनार, मॅडम?”

त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की सरकार आम्हाला कधीच अनुदान देणार नाही. मला तो पक्का ठाऊक होता. पण मुलगी दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला यादीत नाव हवं होतं. नाही होणार, असं मी सांगितलं.

वर्षभर ती सकाळच्या पहिल्या एसटीने आली. प्रयोगशाळेत सगळ्यांत मिळून दोनच ब्युरेट होत्या. बाकीचे कंटाळून निघून जायचे. ही मात्र द्रावण फिकट गुलाबी होईपर्यंत थेंब मोजत उभी असायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

पुढच्या जूनमध्ये नवे प्रवेश इतके थोडे झाले, की शाखाच बंद करायचं ठरलं. दुसऱ्या वर्षाला दुसरीकडे जा, असं मुलांना सांगण्यात आलं. त्यासाठी हॉस्टेलशिवाय मार्ग नव्हता. मी अर्ज लिहिले, प्राचार्यांना दोनदा भेटले. त्यांनी दोन्ही वेळा चहा पाजला आणि आपल्या हातात काही नाही म्हणाले. खरंच नव्हतं.

मग मी तिच्या घरी गेले. वडील लावणीसाठी आले होते, पाय अजून चिखलाचे. मुलगी दुसऱ्या वर्षाचं जर्नल हातात घेऊन बसली होती, वर खाकी कव्हरही घातलेलं. मी ‘कायम’चा खरा अर्थ एकदाचा सांगितला. ते चिडतील, दोन शब्द सुनावतील, निदान तेवढ्याने मला बरं वाटेल, अशी माझी आशा होती. ते चिडले नाहीत.

“मंग तुमी तरी कायम हाव का, मॅडम?”

मी नाही म्हटलं. माझे तासही त्याच आठवड्यात बंद झाले होते. त्यांनी मान हलवली आणि मॅडमना चहा ठेव, असं मुलीला सांगितलं. तिने जर्नल फळीवर ठेवलं आणि ती आत चुलीकडे गेली.