बर्फाच्या डोंगरासाठी घोंगडी

ज्यांचं नावही मी कधी विचारलं नाही, त्यांच्याबद्दल लिहायचा मला अधिकार आहे का, कळत नाही. चुकलं तर माफ करा.

दर रविवारी कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत आम्ही मुलं फासे टाकून राक्षस-जादूगारांचा खेळ खेळायचो. तलवारी, कंदील, सगळं सामान कागदावर लिहिलेलं. सातपूरच्या कारखान्यात माल तपासणारे एक काकाही यायचे. खेळात काही सापडलं की ते रिकाम्या तळहातावर तोलल्यासारखं करत आणि मगच त्याचं मोल सांगत.

मी माझी घोंगडी विकून तलवार घेतली, तेव्हा ते म्हणाले, “अरे शहाण्या, पुढे बर्फाचा डोंगर आहे. तलवार पांघरणार का?”

सगळे हसले. काकांनी स्वतःच्या कागदावरची घोंगडी खोडली आणि माझ्या कागदावर लिहिली.

“आणि तुम्ही, काका?”

“मला आता नाही लागायची.”

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. पाळी बदलली असेल, असं आम्हाला वाटलं. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या अक्षरातल्या ‘घोंगडी’वर रेघ मारली आणि ढाल घेतली.

निघताना कॅफेवाल्याने सांगितलं, काका गेले. आजार जुना होता, आणि डॉक्टरांनी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं.